कॅनिंग स्टॉक रूट: हायलक्सला मोठी टाकी बसवावी की कॅन पुरतील?

पर्थ_पश्चिम

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी जून-जुलैत विलुनाहून हॉल्स क्रीकपर्यंत कॅनिंग स्टॉक रूट (पश्चिम ऑस्ट्रेलियातली वाळवंटी वाट) करायचा बेत आहे. एकूण साधारण १८५० किलोमीटर. वाटेत डिझेल मिळणार ते कुनावरिट्जी वस्तीत, म्हणजे वेल ३३ जवळ (वाटेवरच्या विहिरींना असे क्रमांक आहेत). विलुना सोडलं की तिथपर्यंत जवळपास हजार किलोमीटर एकही पंप नाही. घोळ सगळा या हजाराचाच आहे.

गाडी टोयोटा हायलक्स, २०१९ची डबल कॅब, २.८ डिझेल ऑटो. कंपनीची टाकी ८० लिटर. मागे कॅनपी (हौद्यावरचं बंद छप्पर), ड्रॉवर, फ्रिज. पुढे बुलबार आणि विंच. आम्ही दोघं. सोबत आणखी एक गाडी आहे, पण तिचं डिझेल तिलाच पुरेल इतपत.

पर्याय तीन दिसतात. मूळ टाकी काढून तिच्या जागी १४० लिटरची बसवायची. मूळ टाकी ठेवून मागच्या हौद्यात ७०-८० लिटरची जादा टाकी आणि पंप. किंवा काही न बदलता वीस-वीस लिटरचे सात कॅन. दुकानदाराचं म्हणणं, मिळेल तेवढी मोठी घ्या. स्टील घ्यावी की प्लास्टिक, हेही कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.


नटबोल्ट

दुकानदाराला बाजूला ठेवा. आधी किती लिटर लागतात तो आकडा काढा, टाकी त्यानंतर.

डांबरी रस्त्यावरचा ॲव्हरेज इथे धरायचा नाही. तुमच्यासारखी भरलेली हायलक्स वाळूत, टायर १६-१८ पीएसआयवर, लो रेंजमध्ये टेकाडं चढत असेल तर शंभर किलोमीटरला १५ ते १८ लिटर पिते. हिशोबाला १८च धरा.

विलुना ते कुनावरिट्जी: १००० किलोमीटर, शंभराला १८ प्रमाणे १८० लिटर. त्यावर २० टक्के राखीव, म्हणजे ३६. एकूण २१६.

कुनावरिट्जी ते हॉल्स क्रीक: साधारण ८७० किलोमीटर, १५७ लिटर, राखीव धरून १८८. मध्ये बिलिलुनाला डिझेल मिळालं तर हा टप्पा ७०० वर येतो, पण ते मिळणारच असं धरून निघू नका. कुनावरिट्जीच्या दुकानालाही निघण्याआधी फोन करा. डिझेल शिल्लक आहे का आणि दुकान कोणत्या दिवशी किती वाजता उघडं असतं, हे दोन्ही विचारा. शनिवारी दुपारी पोचून सोमवारपर्यंत बसून राहिलेले लोक कमी नाहीत.

राखीव २० टक्के कशासाठी, तर चुकलेले फाटे, एकाच टेकाडावर चार-चार वेळा घेतलेली धाव, आणि पाणी भरलेल्या तळ्यांना घातलेले वळसे. कुम्पुपिंटिल तळ्याच्या भागात (२०२० पर्यंत नकाशावर लेक डिसअपॉइंटमेंट) पावसानंतर वळसा लांबतो. शिवाय वेल २३ च्या आसपास तालावाना ट्रॅक फुटतो, तो पश्चिमेला न्यूमनकडे जातो. पुढची वाट बंद असेल तर बाहेर पडायची वाट तीच. तिथे पोचल्यावर पोटात किती डिझेल आहे हे पक्कं माहीत हवं, अंदाज नको.

आता २१६ कसे भरायचे? १४० च्या टाकीत वापरता येणारं साधारण १३३ धरा, तळाचे ६-७ लिटर ओढले जात नाहीत. वर चार कॅन, ८० लिटर. झाले २१३. तीन लिटरसाठी पाचवा कॅन नको, १८ चा आकडा मुळातच वरचा आहे. मूळ ८० च्या टाकीवर जायचं तर सात कॅन लागतील, आणि सात कॅन ठेवायला जागा आहे का ते तुम्हीच बघा.


वजनकाटा

लिटरचा हिशोब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. या गाडीत डिझेल संपायच्या आधी वजनाची मर्यादा संपते.

डिझेल लिटरला ०.८४ किलो धरा. हायलक्सचं जीव्हीएम (सामानासकट कायदेशीर कमाल वजन) ३०५० किलो, गाडीचं स्वतःचं वजन २१०० च्या आसपास, म्हणजे लादायला साधारण ९५०. ऑस्ट्रेलियात कर्ब वजनात भरलेली टाकी धरलेली असते, टेअर वजनात फक्त १० लिटर. तुमच्या कागदावर यातलं कोणतं लिहिलंय ते पाहा, नाहीतर इथेच साठ किलोची चूक होते.

आता उतरवत चला. बुलबार आणि विंच १००. कॅनपी ११०. ड्रॉवर ६०. भरलेला फ्रिज ४५. दुसरी बॅटरी २५. दुसरी स्टेपनी ३५. दोन माणसं १५५. पाणी ८०. शिधा ४०. हत्यारं, जॅक, रिकव्हरीचे पट्टे, मॅक्सट्रॅक (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या) ६०. तंबू-अंथरूण ५०. झाले ७६०, आणि डिझेल अजून धरलेलंच नाही.

८० च्या वरचं १३५ लिटर म्हणजे ११३ किलो. मोठ्या टाकीचं स्वतःचं जादा वजन, कॅनचा पत्रा मिळून आणखी २५-४०. ९०० च्या वर गेलात. हातात उरले ४०-५० किलो, आणि ‘असू दे’ म्हणून टाकलेल्या सामानात ते कधी जातात कळतही नाही.

म्हणून ‘मिळेल तेवढी मोठी’ हा सल्ला या गाडीला चालत नाही. लँड क्रूझर ७९ ची गोष्ट वेगळी, तिला कंपनीचीच १३० लिटरची टाकी आहे आणि वजन पेलायची ताकदही. ट्रूपीला (लँड क्रूझर ७८ ट्रूप कॅरियर) तर ९०-९० च्या दोन टाक्या येतात.

दुसरं म्हणजे वजन कुठे बसतं. हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिलिमीटर. मागच्या ॲक्सलच्या ८०० मिलिमीटर मागे १०० किलो ठेवलेत तर मागच्या ॲक्सलवर १०० नाही, १२६ किलो पडतात, आणि पुढची चाकं २६ किलोने हलकी होतात. टोकाच्या बारवर दोन स्टेपन्या आणि दोन कॅन टांगलेली गाडी पन्हळी रस्त्यावर तासन्‌तास हापटत गेली की डबल कॅबची चॅसी केबिनच्या मागे वाकते. मागच्या पाट्यांना आधार म्हणून एअरबॅग (हवा भरलेल्या रबरी पिशव्या) घातल्या असतील तर आणखी लवकर, कारण पाटे जो भार दोन टोकांना वाटून देतात तो एअरबॅग एकाच ठिकाणी चॅसीवर देतात.

१४० ची बदली टाकी चॅसीच्या आत, बहुतांशी ॲक्सलच्या पुढे, खाली बसते. हौद्यातली टाकी केबिनच्या भिंतीला लागून बसवली तर तीही वाईट नाही. छतावरचे कॅन मात्र सगळ्यात वाईट. २० लिटरचा भरलेला स्टीलचा कॅन २१ किलोच्या आसपास, चार कॅन म्हणजे ८४ किलो, तेही आडव्या उतारावर डोक्यावर.

सगळं सामान, दोन्ही माणसं, पाणी आणि पूर्ण डिझेल भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. पुढची ॲक्सल वेगळी, मागची वेगळी, मग एकूण, असे तीन आकडे घ्या. एकूण बसतंय पण मागची ॲक्सल जास्त, असं फार वेळा निघतं. जीव्हीएम वाढवून घेतलं की कागदावरची मर्यादा वाढते, चॅसी तीच राहते.

ट्रेलर ओढून त्यात डिझेल नेऊ, असा सल्ला कुणी देईलच. या वाटेवर नको. टेकाडांवर ट्रेलर गाडीला खातो आणि वाटेचीही वाट लावतो.


पर्थ_पश्चिम

वजनकाटा, डोळे उघडले. दुसरी बॅटरी आणि निम्मे ड्रॉवर काढायच्या विचारात आहे. मग १४० ची बदली टाकी आणि चार कॅन, हे जवळपास ठरलं. आता स्टील की प्लास्टिक? आणि बसवताना काय बघायचं?


डिझेलदादा

दोन्ही चालतात, पण बिघडतात वेगवेगळ्या तऱ्हेने.

स्टीलची टाकी सहसा २ मिलिमीटरच्या ॲल्युमिनाइज्ड पत्र्याची. दगड लागला तर पोचा पडतो, फुटत नाही. भेग गेली तर कुठल्याही गावात वेल्डर सापडतो (टाकी पूर्ण धुऊन, वाफ काढूनच वेल्ड करायची, हे सांगायला नकोच). तिचं दुखणं म्हणजे वेल्डिंगचे सांधे. आतले आडवे पडदे जिथे भिंतीला जोडलेत तिथे आणि बाहेर टांगायच्या कानांपाशी, पन्हळी रस्त्याच्या थरथरीने केसासारखी भेग जाते. पडदे नसलेली टाकी घेऊच नका. १४० लिटर म्हणजे जवळजवळ ११८ किलो द्रव, ब्रेक दाबला की तो सगळा एका भिंतीवर जाऊन आदळतो.

प्लास्टिकची टाकी एकसंध साच्यातली, पॉलिथिनची. सांधा नाही, गंज नाही, वजनाला हलकी, दगड लागला तरी दबून पुन्हा वर येते. पण टोकदार खुंटाने फाटली तर पॉलिथिनला इपॉक्सी धरत नाही. म्हणून तिच्याखाली संरक्षक पत्रा हवाच. पत्रा आणि टाकी यांच्यात खडी अडकली की ती रेतीकागदासारखी घासत राहते, तेव्हा पत्र्याला माती पडून जायला भोकं आहेत का ते बघा.

ॲल्युमिनियमची सुचवतील. हौद्यातल्या जादा टाकीला एक वेळ ठीक, गाडीच्या पोटाखाली पन्हळी रस्त्यासाठी नको. थरथरीने चिरते.

या गाडीला माझं मत प्लास्टिक, कारण वाचलेला प्रत्येक किलो कामाचा आहे. ७९ असती तर स्टील म्हटलं असतं.

बसवताना:

नवी टाकी, खासकरून स्टीलची, आतून स्वच्छ असते असं समजू नका. सेंडरच्या (टाकीतलं डिझेल मोजून काट्याला सांगणाऱ्या दांडीच्या) भोकातून टॉर्च मारून बघा. कापलेल्या पत्र्याचा कीस, वेल्डिंगचे दाणे दिसतात. आधी व्हॅक्यूमने ओढा, मग पाच लिटर डिझेल घालून टाकी हलवा, पांढऱ्या फडक्यातून गाळा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. कॉमन रेलचे इंजेक्टर हा कीस सहन करत नाहीत, आणि चार इंजेक्टरांचं बिल टाकीपेक्षा मोठं होतं.

ब्रीदरची नळी. निम्म्या तक्रारी इथल्याच. नळी कुठे मुडपली, किंवा मध्ये झोळ पडून त्यात डिझेल साचलं, की हवा बाहेर पडत नाही. मग पंपावर नोझल दर दोन लिटरला टक्‌कन बंद होतं आणि १४० लिटर भरायला वीस मिनिटं जातात. नळी टाकीपासून सतत चढती, शक्य तितकी उंच नेलेली आणि उलटी गाडी झाली तर बंद होणारी झडप असलेली हवी. रोडहाऊसवर ट्रकसाठीचं मोठं नोझल वेगळं असतं, ते वापरू नका. तोंडात बसत नाही आणि बसलं तरी फेसाने उलटी होते.

टांगायचे पट्टे आणि रबर. बसवल्यावर ५०० किलोमीटरने सगळे बोल्ट पुन्हा आवळा, १००० ने पुन्हा एकदा. प्लास्टिकची टाकी उन्हात फुगते, तेव्हा पट्टा बांगडीसारखा करकचून नको. रबर सरकलं की पट्ट्याची धार टाकीत उतरते.

फिल्टर. कंपनीच्या फिल्टरच्या आधी ३० मायक्रॉनचा प्री-फिल्टर लावा, पाणी वेगळं करणारा, काचेच्या किंवा पारदर्शक वाटीचा. दोन्हींचे दोन-दोन सुटे संच बरोबर. मोठ्या टाकीत अर्धं डिझेल कमी झालं की वरची हवाही मोठी, रात्री थंडीने आत दव धरतं. रोज सकाळी वाटीकडे एक नजर टाका, तळाशी पाण्याचा गोळा दिसला तर खालचा नट सैल करून काढून टाका. ड्रममधलं डिझेल घ्यावं लागलं तर पाणी अडवणाऱ्या जाळीच्या नरसाळ्यातूनच.

तोंडापर्यंत भरू नका. सकाळी ५ अंशात भरलेलं १४० लिटर दुपारी २५ अंशाला सव्वादोन लिटरने वाढतं, आणि ते ब्रीदरवाटे ठिबकतं. ‘टाकी गळतेय’ म्हणून घाबरलेल्यांची अर्धी गळती हीच असते.

शेवटचं कागदपत्रांचं. ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्सशी जुळत असल्याचं प्रमाणपत्र टाकीबरोबर मागून घ्या, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. हौद्यातल्या जादा टाकीचा विचार पुन्हा केलात तर राज्याच्या परिवहन खात्याला आधी विचारा.


लाल_माती

डिझेलदादांशी बहुतेक सहमत, पण एक गोष्ट राहिली आणि ती या वाटेवर सगळ्यात महत्त्वाची आहे: स्पिनिफेक्स.

त्या गवताची कुसळं राळेने भरलेली असतात. वाटेच्या मधल्या उंचवट्यावर गवत वाढलेलं, गाडी त्यावरून घासत जाते, कुसळं खाली सायलेन्सर आणि टाकीच्या मधल्या फटीत ठासून भरतात. मोठी टाकी बसवली की ही फट कमी होते, म्हणजे चूल पेटवायची आयती सोय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला जाळून साफ करतं तेव्हा त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. कॅनिंगवर गाड्या जळून खाक झाल्या आहेत त्यातल्या कितीतरी अशाच.

तेव्हा टाकी निवडताना दुकानात गाडीखाली झोपा आणि सायलेन्सर ते टाकी यांच्यात हात जातो का ते बघा. हात गेला तर साफ करता येईल. नाही गेला तर ती टाकी कितीही लिटरची असो, घेऊ नका. मूळ उष्णतारोधक पत्रा परत बसवलाय ना, तेही.

वाटेत गवताच्या पट्ट्यात दर तासाला थांबून खाली बघायचं. तारेचा वाकवलेला आकडा, कातडी हातमोजे आणि पाण्याचा फवारा हाताशी. अग्निशामक नळकांडं केबिनमध्ये, ड्रॉवरच्या तळाशी नाही. २०१८नंतरच्या हायलक्सला डीपीएफचं रीजनरेशन हाताने चालू करायचं बटण आहे. गवत सुरू व्हायच्या आधी, मोकळ्या उघड्या जमिनीवर उभं राहून ते करून घ्या.

दुसरा मुद्दा, कॅनच्या क्रमाचा. सगळं डिझेल एकाच टाकीत असेल तर एका भोकात सगळं जातं. म्हणून चार कॅन हे नुसते जादा लिटर नाहीत, ती वेगळी तिजोरी आहे. टाकीत ४५ लिटरची जागा झाली की पहिले दोन कॅन लगेच रिकामे करा, वजन खाली आणि आत येतं. उरलेले दोन कुनावरिट्जी नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत उघडू नका.

आणि साबण. साध्या कपडे धुवायच्या साबणाची वडी, कोरडी. स्टीलच्या टाकीला भेग गेली तर डिझेल पुसून वडी भेगेवर दाबून घासायची, ती भेगेत जाऊन बसते. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. ठिबक थांबली की वर इपॉक्सीची पुट्टी लावता येते, कारण पुट्टी ओल्यावर धरत नाही. प्लास्टिकच्या टाकीला नुसता साबणच, आणि दर थांब्याला पुन्हा.


पुणे_३८

अवांतर विचारतो. लडाखसाठी इसुझूच्या पिकअपला अशी टाकी बसवून घ्यावी का? मनाली-लेहला मध्ये पंप नसतो म्हणतात.


नटबोल्ट

@पुणे_३८, टांडीच्या पंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ हा बोर्ड प्रसिद्ध आहे, पण ३६५ हे मूळ टाकीत आरामात बसतं. फार तर एक कॅन. इंधनाची टाकी बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल धरला जाऊ शकतो, आरटीओ आणि विमा दोन्हीकडे उत्तरं द्यावी लागतील. तिकडे नका जाऊ.

इथेही तेच. सिम्पसन वाळवंट माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल ५००-५५० किलोमीटर पडतं, त्याला ८० ची टाकी आणि तीन कॅन पुरतात. मोठी टाकी ही कॅनिंगसारख्या वाटेची गरज आहे. बाकी वर्षभर ती शहरात जादा वजन म्हणूनच फिरते.


पर्थ_पश्चिम

सगळ्यांचे आभार. प्लास्टिकची १४० ची बघून आलो. सायलेन्सरच्या बाजूने हात जातो. दुकानात कळलं की सेंडर मूळचाच राहणार. मग काटा खरा दाखवेल का?


डिझेलदादा

नाही दाखवणार. सेंडरची दांडी मूळ टाकीच्या उंचीएवढीच वरखाली होते. नव्या टाकीत त्याच्या वर जितकं डिझेल आहे ते त्याला दिसतच नाही, म्हणून काटा बराच वेळ ‘फुल’वर चिकटून बसतो आणि मग एकदम पडायला लागतो. डॅशबोर्डवरचा ‘उरलेले किलोमीटर’ हा आकडाही ८० लिटर धरूनच येतो. कॅनिंगवर त्याच्याकडे बघूच नका.

उपाय एका दुपारचा आहे. टाकी बसवतानाच रिकामी असते, तेव्हाच करून घ्या. गाडी सपाट जागी. मोजून १० लिटर घाला, इग्निशन चालू करून पाच मिनिटं थांबा, काटा सावकाश चढतो. काट्याचा फोटो काढा. पुन्हा १० लिटर. असे १४ फोटो. त्यांचा तक्ता करून सनव्हायझरच्या मागे चिकटवा: काटा अर्ध्यावर म्हणजे किती लिटर, पिवळा दिवा लागतो तेव्हा किती. दिवा आता वेगळ्याच आकड्याला लागेल, तो आधी माहीत असलेला बरा.

गाडी चढावर नाक वर करून उभी असेल तर काटा वेगळं सांगतो, तेव्हा तक्ता सपाट जागीच वाचायचा. टाकी निघायच्या निदान दोन महिने आधी बसवा आणि ४००-५०० किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फिरवून आणा. परत आल्यावर पोटाखाली पुठ्ठा पसरून रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे पडलाय ते बघा. पुढच्या टोकाला असेल तर फिल्टरच्या नळीचा क्लिप, मधोमध असेल तर सेंडरची रबरी रिंग.